तान दुन की चेन चिगांग: पहिला रविवार कुणाला द्यायचा?

आमचं आठ जणांचं ऐकणाऱ्यांचं टोळकं आहे. महिन्यातला एक रविवार, कुणाचा तरी दिवाणखाना, पोहे, चहा, आणि मग दोन तास गप्प बसून काहीतरी ऐकायचं. ('गप्प' हा शब्द आमच्याकडे जरा सैलसर अर्थाने वापरतात.) सगळे रागसंगीतावर पोसलेले. एक तबला वाजवतो, एक पेटी, दोघी नाट्यपदं गातात, बाकीचे नुसतेच दर्दी. यंदा कुणीतरी पिल्लू सोडलं की चिनी आणि पाश्चात्त्य संगीत एकत्र आणणारा आजच्या काळातला एखादा रचनाकार ऐकू या. एकच, पण नीट. निवड माझ्या गळ्यात पडली.

महिनाभर ऐकल्यावर हातात दोन नावं उरली, आणि एक तिसरं जे काढून टाकायला जीव धजेना. तुम्हीही अशाच पेचात असाल तर माझा महिना तुमच्या उपयोगी पडेल. एक आधीच सांगतो: चिनी नावांत आडनाव पुढे येतं. त्यामुळे तान दुनमधलं 'तान' हे घराण्याचं नाव, आपल्या तानेशी त्याचा काही संबंध नाही. आमच्या पेटीवाल्याने त्यावर कोटी केलीच, ती इथे देत नाही.

दोघे एकाच वर्गातले, हे मला उशिरा कळलं. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत चीनमधलं संगीतशिक्षण जवळजवळ ठप्प होतं. ती संपल्यावर बीजिंगच्या सेंट्रल कॉन्झर्व्हेटरीने पुन्हा प्रवेशपरीक्षा घेतली आणि १९७८ साली जी तुकडी आत गेली, तिच्यात हे दोघेही होते. मात्र वर्गात येऊन बसेपर्यंतचे रस्ते अगदी वेगळे.

तान दुन १९५७ चा, हुनान प्रांतातला. खेड्यात वाढला, मर्तिकाला मांत्रिक येऊन पाणी, दगड, कागद यांचे आवाज करत मृताशी बोलतो हे लहानपणी पाहिलेला. क्रांतीत त्याला भातलावणीला पाठवलं. तिथे त्याने शेतकऱ्यांची गाणी गोळा केली आणि हाताला लागेल ते वाजवायला घेतलं. मग एका ऑपेरा मंडळींची नाव बुडाली, काही कलावंत गेले, आणि त्या रिकाम्या जागी या पोराची वर्णी लागली. म्हणजे संगीतातली पहिली नोकरी मिळाली ती एका अपघातामुळे. १९८६ मध्ये तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला, चौ वन-चुंग या ज्येष्ठ चिनी-अमेरिकी रचनाकाराकडे.

चेन चिगांग १९५१ चा, शांघायचा. वडील सुलेखनकार आणि चित्रकार. क्रांतीत वडिलांची रवानगी श्रमछावणीत झाली आणि मुलगाही त्या फेऱ्यातून सुटला नाही. शाळेत तो क्लॅरिनेट शिकत होता. १९८४ मध्ये पॅरिसला गेला आणि तिथे ऑलिव्हिए मेसिआँने त्याला शिष्य म्हणून घेतलं. मेसिआँ तेव्हा अधिकृत अध्यापनातून निवृत्त झाला होता. हा त्याचा शेवटचा विद्यार्थी. चार वर्षं शिकवलं.

इथे मला थांबावंच लागेल. मेसिआँ हा विसाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतातला डोंगराएवढा माणूस, आणि त्याच्या लयीच्या प्रयोगांचा एक मोठा झरा म्हणजे शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तली १२० देशी तालांची यादी. ती त्याला एका फ्रेंच कोशात सापडली होती. शार्ङ्गदेव कुठला? तेराव्या शतकातल्या देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला. म्हणजे आपल्या दौलताबादचा! चेनच्या संगीतात ते ताल शोधायला जाऊ नका, तसा दावा मी करत नाही. पण त्याच्या गुरूच्या टेबलावर देवगिरीचा एक कागद होता एवढं कळल्यावर ऐकणाऱ्याचं मन थोडं मऊ होतंच. पक्षपात म्हणा हवं तर.

गोधडी आणि रंगवलेलं सूत

दोन परंपरा 'एकत्र' करणं म्हणजे काय, यावर या दोघांचं पटणार नाही.

तान दुन गोधडी शिवतो. आजीच्या लुगड्याचा तुकडा, बापाच्या सदऱ्याचा तुकडा, शेजारी शेजारी, आणि मधले टाके मुद्दाम जाड. १९९४ ची 'घोस्ट ऑपेरा' घ्या. क्रोनॉस क्वार्टेटची चार वाद्यं (दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो) आणि वू मान हिचा पीपा, म्हणजे चार तारांचं, छेडून वाजवायचं चिनी वाद्य. शिवाय पाणी, धातू, दगड आणि कागद. बाख या जुन्या जर्मन रचनाकाराच्या एका प्रिल्यूडचा तुकडा येतो, त्याच्यावर 'छोटा कोबी' या अर्थाच्या पोरक्या मुलीच्या चिनी लोकगीताची ओळ येऊन बसते, कुणी शेक्सपिअर बोलतं, कुणी ओरडतं, वादक जागा बदलत फिरतात. बाख हा बाखच राहतो, लोकगीत लोकगीतच. मेलेली आणि जिवंत माणसं एकाच अंगणात जमल्यासारखी वाटतात, आणि तेच त्याला हवं आहे.

ही रचना मी पहिल्यांदा घरी छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावली. पाच मिनिटांत आतून आवाज आला, "नळ कुणी चालू ठेवलाय?" तान दुनबद्दलचा सगळ्यात उपयोगी सल्ला त्यातच आहे, पुढे सांगतो.

चेन चिगांग सूतच रंगवतो. कापड विणून झाल्यावर कुठला धागा चिनी आणि कुठला फ्रेंच हे उसवून दाखवता येत नाही. त्याची चेलो आणि वाद्यवृंदासाठीची एक रचना आहे, नावाचा अर्थ 'सरून गेलेल्या काळाचं प्रतिबिंब'. ती १९९८ मध्ये पॅरिसला यो-यो मा या नामवंत चेलोवादकाने पहिल्यांदा वाजवली. पाया आहे 'मेईहुआ सान नोंग', प्लमच्या फुलांवरची जुनी धून, गुछिनवर वाजवली जाणारी. गुछिन हे सात तारांचं आडवं वाद्य. डाव्या हाताचं बोट तारेवर घासत नेऊन सूर काढतात, आणि आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत ऐकू येऊ नये. चेलोवर ती घसीट येते तेव्हा आपल्या कानाला ती मींडच वाटते. धून आधी नुसती सुचवली जाते, एखाद-दुसरा सूर, मग माघार, मग थोडी पुढची पायरी. वाद्यवृंद मागे ढगासारखा. पंचवीसेक मिनिटांत ती कधी पूर्ण उभी राहिली ते कळत नाही. विलंबित आलापाची सवय असलेल्या माणसाला इथे काहीही समजावून सांगावं लागत नाही. आमच्या टोळक्यातल्या सगळ्यात हट्टी माणसाला, ज्यांना पाश्चात्त्य वाद्यवृंद म्हणजे 'एकदम पन्नास जण भांडतात' असं वाटतं, मी फोनवर यातली चार मिनिटं ऐकवली. ते म्हणाले, "पुढे?" बस, एवढीच माझी पाहणी.

भूप ओळखीचा, पण फसवा

चिनी संगीत म्हटलं की आपल्याकडे लगेच 'अरे, हा तर भूप' असं होतं. खोटं नाही. चिनी पाच सुरांची मूळ मांडणी सा रे ग प ध हीच आहे. मजा पुढे आहे: चिनी परंपरा या पाचांपैकी प्रत्येक सुराला पायाचा सूर मानून पाच वेगळे गट करते. आपल्या भाषेत भूपाच्या मूर्च्छना. रिषभाला षड्ज केलं की मधमाद सारंगाचे सूर येतात, गंधाराला केलं की मालकंसाचे, पंचमाला दुर्गाचे, धैवताला धानीचे. म्हणून एकाच चिनी रचनेत कान भूपावरून मालकंसाकडे आणि तिथून दुर्गाकडे लोटला जातो. सूर तेच असले तरी चलन नाही, वादी-संवादी नाहीत, तेव्हा राग शोधत बसलात तर चिडचिड होईल.

चेन या पाच सुरांभोवती फ्रेंच रंग भरतो, त्यामुळे ते गोड लागतात, आणि कधीकधी जास्तच गोड. हा त्याचा दोष मी झाकणार नाही. काही ठिकाणी असं वाटतं की आता पडद्यावर धुकं येणार आणि नायिका वळून बघणार. तान दुन पाच सूर असे चमचमीत करून देत नाही. तो त्यांना खरवडतो, वाकवतो, घशातून काढतो. त्याच्याकडे सूर हा पुष्कळदा आवाजाचा एक प्रकार असतो, बाकी आवाज म्हणजे कागद फाटण्यापासून गोटे आपटण्यापर्यंत काहीही.

डोळे हवेत की नकोत

आता तो सल्ला: तान दुन नुसता ऐकू नका, बघा. त्याचं निम्मं संगीत हातवाऱ्यात आहे. १९९८ ची 'वॉटर कन्सर्टो' मध्ये मंचावर पाण्याने भरलेली मोठी पारदर्शक घंगाळी असतात. वादक पाण्यावर थापा मारतो, वाडगे पालथे तरंगवून वाजवतो, घंटा वाजवून पाण्यात बुडवतो की तिचा सूर वाकतो. आपल्याला जलतरंग आठवेल, पण जलतरंगात पाणी हे वाडग्याचा सूर लावण्यासाठी असतं; इथे पाणी स्वतःच वाद्य आहे. बघताना श्वास रोखला जातो. नुसतं ऐकताना, पुन्हा, नळ.

माझ्या मते त्याची सगळ्यात भरीव रचना 'द मॅप'. १९८१ मध्ये विद्यार्थी असताना तो पश्चिम हुनानच्या डोंगरात गेला होता. तिथे दगड वाजवत गाणारा एक म्हातारा भेटला. पुन्हा येऊन ती कला टिपून घ्यायची असं मनात धरून तो परतला. पुन्हा जाणं झालं ते १९९९ मध्ये, तेव्हा म्हातारा गेलेला आणि त्याच्याबरोबर ती कलाही. मग तान दुनने त्या भागातल्या मिआओ, दोंग, तुजिया लोकांचं गाणं-वाजवणं चित्रित केलं आणि चेलो, वाद्यवृंद व पडदा यांच्यासाठी रचना केली. २००३ मध्ये बोस्टनला पहिला प्रयोग, चेलोवर पुन्हा यो-यो माच. पडद्यावर एक मिआओ मुलगी सवाल टाकल्यासारखी दरीपलीकडे हाक देत गाते, आणि मंचावरचा चेलो तिला जवाब देतो. एक माणूस झाडाचं पान ओठांत धरून वाजवतो. पडद्यावरच्या माणसाला मंचावरचं काही ऐकू येत नाही, म्हणून जवाब देणाऱ्यालाच त्याचा श्वास सांभाळून घ्यावा लागतो. मला यात खेळ वाटला नाही. हातातून निसटलेल्या एका माणसाची भरपाई चालली आहे असं वाटलं. गोधडीचे टाके इथे दुखतात.

उलट त्याची न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातली 'द फर्स्ट एम्परर' (डिसेंबर २००६, प्लासिदो दोमिंगो सम्राटाच्या भूमिकेत, दिग्दर्शक चांग यीमोऊ) पहिल्या भेटीला मुळीच घेऊ नका. सगळं भव्य आहे आणि त्या भव्यतेत गाणं लंगडत चालतं. इंग्रजी शब्द आणि लांबलांब ओढलेले सूर यांचं जमत नाही. ऑस्करवाल्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' च्या संगीताबद्दलही सांभाळून. ते सुंदर आहे, सगळ्यांना आवडतं, आणि त्यावरून तान दुन कोण हे कळेल असं समजलात तर फसाल. तो तिथे सभ्य कपडे घालून आला आहे.

चेन चिगांगला डोळे लागत नाहीत. बरे हेडफोन आणि बंद पंखा पुरे. त्याच्याकडे शांततेतली कारागिरी आहे आणि ती पंख्याच्या घरघरीत मरते. अपवाद एक, 'इरिस देव्हॉलिए' (२००१). स्त्रीच्या नऊ भावावस्था: भाबडी, लाजरी, अल्लड-स्वैर, हळवी, कोमल, मत्सरी, खिन्न, बेभान, विलासी. शब्द तसे माझे, क्रम त्याचा. आपल्याला अष्टनायिका आठवतात आणि एक जास्तीची मिळते. पाश्चात्त्य धाटणीचे दोन स्त्री-आवाज, एक आवाज पेकिंग ऑपेराचा, शिवाय अरहू (दोन तारांचं, गजाने वाजवायचं), पीपा, झेंग (आडवं, बऱ्याच तारांचं, छेडून वाजवायचं) आणि पूर्ण वाद्यवृंद.

या पेकिंग ऑपेराच्या आवाजाबद्दल नवख्यांना बजावलं पाहिजे. तो उंच, टोकदार, घासून धारदार केलेला असतो. पहिल्या मिनिटाला खोलीत कुणीतरी हसणारच. हसू द्या. मग सांगा की या रंगभूमीवर बाल गंधर्वांच्याच काळात मेई लानफांग हा पुरुष नट स्त्रीभूमिका गाऊन लोकांना वेड लावत होता, आणि हा आवाज त्या शाळेतला आहे. आमच्या नाट्यपदवाल्या दोघींना त्यावर वेगळं पटवावं लागलं नाही. त्यातली एक म्हणाली, "हा आवाज लावायला पोट कसं धरत असतील?" गाणाऱ्याचा प्रश्न.

चेन चिगांगची आणखी एक रचना, 'जियांग छंग ज', सू शी या जुन्या चिनी कवीने आपल्या मृत पत्नीवर केलेल्या कवितेवर आधारलेली. चेनचा तरुण मुलगा २०१२ मध्ये अपघातात गेला, त्यानंतरची ही रचना. ती मी एकट्याने ऐकली. पोह्यांच्या रविवारी नाही लावणार.

बीजिंग ऑलिंपिकही या दोघांतला फरक दाखवतं. २००८ च्या उद्घाटन सोहळ्याचा संगीत-दिग्दर्शक चेन होता. पदकं देतानाच्या संगीतात तान दुनचा हात होता. सरकारी सोहळे दोघांनाही वर्ज्य नाहीत, तेव्हा 'बंडखोर विरुद्ध दरबारी' असा सोपा सामना लावायला जाऊ नका.

आणि चेन यी

तिसरं नाव. १९५३ ची, ग्वांगचौची, त्याच तुकडीतली. व्हायोलिनवादक. क्रांतीत डोंगरावर ओझी वाहिली, मग सतराव्या वर्षापासून आठ वर्षं आपल्या शहरातल्या पेकिंग ऑपेरा मंडळीत पहिली व्हायोलिन. चीनमध्ये रचनेतली पदव्युत्तर पदवी मिळवणारी पहिली स्त्री. नंतर अमेरिकेत प्राध्यापक.

आमच्या तबलजीला मी फक्त हिच्याकडे पाठवलं. कारण 'बा बान', म्हणजे शब्दशः 'आठ ठोके', ही जुनी चिनी धून. आठ ओळी, प्रत्येकीत आठ मात्रा, आणि पाचव्या ओळीला चार मात्रा जास्तीच्या. एकूण ६८. त्या आठांचे आतले तुकडे कधी ३-२-३, कधी ५-३. चेन यी ही लयीची चौकट उचलते आणि तिच्यावर पूर्ण आधुनिक, काटेरी रचना उभी करते. धून ओळखू आली नाही तरी हाडं तीच. १९९९ ची पियानोची 'बा बान' सातेक मिनिटांची आहे. तिच्यात गोडवा शोधू नये. ती हिशेबाची मजा आहे, तिहाई नेमकी समेवर उतरल्यावर होते ना, त्या जातीची. पण आठ जणांना एकदम घेऊन बसायचं तर तिचा हात धरणं सोपं नाही, हे कबूल.

मग ठरवायचं कसं

घरात मोठा पडदा असेल, मंडळी नाटकवाली असतील, आणि 'हे संगीत आहे का?' असा वाद झालेला तुम्हाला चालत असेल तर तान दुन. 'द मॅप' पासून सुरुवात, मग 'वॉटर कन्सर्टो', आणि 'घोस्ट ऑपेरा' शेवटी. वाद न झाला तर पैसे परत. अजिंठ्यावर प्रेम करणारं कुणी असेल तर त्याच्या 'बुद्ध पॅशन' (२०१८) मधला नऊरंगी हरणाचा अंक वेगळा काढून ठेवा. संपूर्ण रचना चिनी आणि संस्कृतमध्ये गायलेली, चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांतल्या चित्रांवरून सुचलेली. आणि हरणाची ती जातककथा आपल्याकडे अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात रुरु जातक म्हणून रंगवलेली आहे.

मंडळी आलापात रमणारी असतील, डोळे मिटून ऐकणारी, वाद्यवृंदाला बिचकणारी, तर निर्विवाद चेन चिगांग. दोघांत मोठा कोण हे मला विचारलंत तर मी तान दुनचं नाव घेईन. त्याने दरवाजे जास्त तोडले. पण पहिल्या रविवारी दरवाजा तोडणारा पाहुणा बोलवावा की कडी वाजवणारा, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. उलट क्रमाने गेलात तर काय होतं हेही पाहिलंय. ज्या एकाला मी आधी तान दुन ऐकवला, तो चेनला 'हे म्हणजे गुळमट' म्हणून मोकळा झाला आणि मग परत फिरलाच नाही.

तेव्हा आमचा कार्यक्रम असा: आधी चेन चिगांगची 'वू शिंग', पंचतत्त्वं. त्यांच्याकडची पाच म्हणजे पाणी, लाकूड, अग्नी, माती, धातू. आकाश आणि वायू नाहीत. रेडिओ फ्रान्ससाठी केलेली, प्रत्येक तत्त्वाला दोनेक मिनिटं. मग प्लमच्या फुलांचा चेलो. मग चहा. मग 'इरिस' मधली भाबडी, मत्सरी आणि बेभान, तिघीच. तान दुन पुढच्या महिन्यात, ज्यांच्याकडे पंचावन्न इंची टीव्ही आहे त्यांच्या घरी. तबलजी ६८ मात्रांचा कागद घेऊन येणार म्हणतोय, त्याला शेवटची दहा मिनिटं दिली आहेत.

यजमानांना एकच विनंती पाठवली: पोहे लवकर उरका आणि बश्या आधीच आत न्या. पहिलं तत्त्व पाणी आहे, ते फार हळू सुरू होतं, आणि या वेळी नळ खरोखरच बंद हवा.